मोकळा शिवलेला पट्टा

४ सप्टेंबर

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी काम. हवालदार बरा नाही.

तुझ्या त्या डोंगरावर फोन लागत नाही, आणि लागला तरी मला तो ऐकू येणार नाही, म्हणून नेहमीप्रमाणे दूधगाडीवाल्याच्या पिशवीतून हे पत्र. बरेच दिवस झाले, हवालदाराच्या डोळ्यांभोवतीचे केस गळतायत. चष्मा हरवलेल्या मास्तरांसारखा दिसतो. अंगावरून हात फिरवला की कोंडा पडतो. नखं इतकी वाढलीत की शेजारीण म्हणाली, तुमचा कुत्रा बूट घालून चालतो का? मला तो आवाज येत नाही, पण फरशीवरचे ओरखडे दिसतात. पाणी सारखं पितो, खातो मात्र नावाला. आणि काल एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर त्याच्या नाकातून रक्त पडलं. कापड गेलं ते गेलं, मी तशीच त्याचं नाक ओल्या फडक्याने धरून बसले.

इथले डॉक्टर चांगले आहेत म्हणतात, पण ते तोंडाला मास्क लावून बोलतात. ओठ दिसले नाहीत तर मला काय कळणार? मी आपली मान हलवत राहते. ‘मला ऐकू येत नाही’ हे दर वेळी सांगायचा कंटाळा येतो रे. तेव्हा त्यांच्याकडून काय काय करून घ्यायचं ते तू लिही. मेंढ्यांचा असलास तरी डॉक्टर आहेस.

हवालदार माझा कोण आहे ते तुला वेगळं सांगायला नको. दारावर थाप पडली की तो येऊन माझ्या गुडघ्याला नाक लावतो. दूध उतू जायला लागलं की लावतो. वरच्या मजल्यावरचा नळ रात्री फुटला तेव्हाही लावलं होतं. मागच्या खेपेला तू म्हणालास, तो आहे तोवर खुशाल एकटी राहा, तो नसला की शिलाई मशीनसकट उचलून तुला माझ्याकडे नेणार. तेव्हा आपण दोघंही हसलो होतो. आता मला हसू येत नाही.

आशीर्वाद.

ताई


९ सप्टेंबर

ताई,

नमस्कार घे आणि घाबरणं जरा बाजूला ठेव.

नाकातून रक्त, वाढलेली नखं, डोळ्यांभोवती टक्कल. अर्धं निदान तूच केलंस, आता माझी नोकरी घेतेस की काय? मला वाटतं त्याला वाळूमाशी चावली आहे. ही माशी डासाहून बारीक. चावताना ती एक परजीवी जंतू अंगात सोडते. तो इतका लहान की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. शरीर त्याच्याशी महिनोन्‌महिने लढत राहतं आणि त्या लढाईचा गाळ मूत्रपिंडात साचतो. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळणीच. ओलं पीठ बसून चाळणी बुजावी तसं होतं ते.

सोबतचा कागद डॉक्टरांना दे. रक्त तपासा, लघवी तपासा आणि रक्तदाब मोजा, असं त्यात लिहिलंय. हो, कुत्र्यांनाही रक्तदाब असतो. हवालदारासारख्या जबाबदार नोकरदाराला तर असायलाच हवा. त्याला माझा सलाम सांग.

धाकटा


१८ सप्टेंबर

धाकट्या,

माशीच निघाली. तू म्हणालास तोच जंतू. लघवीतून प्रथिनं जातायत, मूत्रपिंड दुखावलंय, आणि रक्तदाब १८४. डॉक्टरांनी सगळं कागदावर लिहून दिलं म्हणून कळलं. जंतूसाठी गोळ्या आणि इंजेक्शनं, रक्तदाबासाठी रोज एक बारकी गोळी. खाणंही वेगळं, त्याला ते अजिबात आवडलेलं नाही. माझ्याकडे असा बघतो, जणू मीच त्याचा पगार कापलाय.

दवाखान्यात तो लटलट कापत होता. ते पाहून डॉक्टरांनी एक छोटं मशीन घरी दिलं. पायाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा येतो. पट्ट्याबद्दल ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. मी मान हलवली.

एक विचारू? तू लहानपणापासून घाबरलास की चेष्टा करतोस. आईच्या आजारपणात तर तू आम्हाला हसवून हसवून दमवलं होतंस. मागच्या पत्रात तू फार चेष्टा केलीस.

ताई


२४ सप्टेंबर

ताई,

बरं, चेष्टा बंद.

दवाखान्यातला आकडा मनाला लावून घेऊ नकोस. कुत्री तिथे घाबरतात आणि घाबरलं की रक्तदाब चढतोच. खरा आकडा घरचा. तो शांत पडलेला असताना, पुढच्या पायाला कोपराखाली पट्टा बांधून मोज. तीन-चारदा मोजायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा, बाकीचे मला कळवायचे. गोळी चुकवू नकोस. तुला डॉक्टरांचं काही समजलं नाही तर त्यांना लिहून द्यायला सांग, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

बाकी घाबरण्यासारखं काही नाही. नीट औषध घेतलं तर अशी कुत्री वर्षानुवर्षं जगतात. मी पाहिली आहेत.

इथे लसीकरण चालू आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मेंढ्या धरून धरून बोटं आखडलीत, म्हणून अक्षर असं.

धाकटा


६ ऑक्टोबर

धाकट्या,

आकडे बघ आणि खूश हो. ११८, १२१, ११५. मी तर खुर्चीतच बसले.

आता मोजताना तो इतका शहाण्यासारखा पडून राहतो की विचारू नकोस. आधी पाय ओढून घ्यायचा. मी त्यावर माझा उपाय केलाय, भेटलास की दाखवीन.

फक्त एकच, तो फार मंद झालाय. पायरीशी येऊन थांबतो, पाय पुढे टाकू की नको असं करतो. बिस्कीट समोर ठेवलं तर नाकाने हुंगत शोधतो. काल स्टुलावर आपटला, पण ते मीच जागचं हलवलं होतं. नाहीतर नुसता भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ही गोळी त्याला जास्त होत असेल का? इतका कमी रक्तदाब चालतो का? माझा असा उतरला की मला गरगरतं, म्हणून विचारते. या डॉक्टरांना विचारायला गेले तर पुन्हा तो मास्क आणि माझी मान. तूच सांग.

ताई


११ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र गाडीवाल्याच्या हातातून घेतलं आणि तिथेच, गोठ्याच्या दारात उभं राहून वाचलं. आकडे पाहून मोठ्याने हसलो. मेंढ्या दचकल्या.

तुझी शंका बरोबर आहे. त्या गोळीने रक्तदाब जास्त उतरला की कुत्रं असंच सुस्तावतं, पायरीशी अडतं. हे आकडे असताना पूर्ण गोळीची गरज नाही. उद्यापासून अर्धी दे. डॉक्टरांनाही कळव. आठवड्याने पुन्हा मोज.

ताई, आता सांगतो, मी खरंच घाबरलो होतो.

धाकटा


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

गोळी अर्धी केली. आकडा १२४. म्हणजे आपली गाडी रुळावर आली म्हणायची. डॉक्टरांकडे अजून गेले नाही, एका लग्नाचे कपडे शिवून द्यायचेत, मान वर करायला सवड नाही.

सोबतच्या पुडक्यात तुझ्यासाठी एक वस्तू आहे, उघडून बघ. डॉक्टरांनी दिलेला पट्टा अगदीच चिंधी होता रे, जेमतेम तीन बोटं रुंद, मांजरीला बांधावा तसला. पायाला काचायचा, वळ उठायचा. तीस वर्षं शिवतेय मी. काचणारा कपडा अंगावर कोण ठेवेल? हे गेल्यापासून यांचं जुनं रक्तदाबाचं मशीन कपाटात पडून होतं. त्याचा रुंद पट्टा काढला, आतल्या रबरी पिशवीसकट. लांबी हवालदाराच्या पायापुरती ठेवून बाकीची आत दुमडली, रुंदी मात्र तशीच राहू दिली. आतून मऊ फ्लॅनेल लावलं. नळी डॉक्टरांच्या मशीनला अगदी फिट बसली. त्या दिवसापासून हवालदार हूं की चूं करत नाही. मोकळा शिवलेला कपडा कुणाला आवडत नाही?

तुझ्या मेंढ्यांसाठी तसाच एक शिवून पाठवतेय. रबरी पिशवी जुन्या बाजारातून आणली.

त्याचे डोळे हल्ली फार मोठे दिसतात. काळेभोर, काचेच्या गोट्यांसारखे. तब्येत सुधारतेय, त्याचंच तेज असेल.

ताई


२२ ऑक्टोबर

धाकट्या,

हवालदाराला दिसत नाही.

सकाळी उठला तो सरळ दाराच्या चौकटीवर गेला. नाक फुटलं. मी हाक मारली तर माझ्या दिशेने आला आणि मशीनच्या पायात अडकला. त्याच्या डोळ्यांसमोर हात नेला, पापणीसुद्धा हलली नाही. दिवा लावला, डोळ्यांशी धरला. काही नाही. आता कोपऱ्यात बसलाय आणि थरथरतोय. मी त्याला धरून बसले आहे, एका हाताने लिहितेय. आकडा घेतला. १२२ आहे. मग हे काय आहे? १२२ आहे रे!

दवाखाना आज बंद आहे. काय करू ते लवकर लिही.

ताई


२३ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र गाडीवाला थेट तुझ्या हातात देईल. वाच आणि त्याच्याबरोबर, त्याच गाडीतून, हवालदाराला घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरांसाठी वेगळी चिठ्ठी आहे. त्यांना मास्क काढायला सांग. मान हलवू नकोस.

पुडकं आत्ता उघडलं. पट्टा माझ्या टेबलावर आहे. हाताच्या पंजाएवढा रुंद आहे. ताई, रुंद पट्ट्याने आकडा कमी येतो. खरा रक्तदाब कितीही असो, मशीन कमीच दाखवतं. पायाच्या घेराच्या निम्म्याहूनही कमी रुंदी लागते, तीन बोटांचा पट्टाच बरोबर होता. तुझे सगळे आकडे खोटे आहेत. आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून मी त्याची गोळी अर्धी केली.

आणखी एक, जे मी तुला लिहिलंच नव्हतं. इतका रक्तदाब वाढला की डोळ्याच्या आतला पडदा सुटतो आणि कुत्रं एका रात्रीत आंधळं होतं. पायरीशी अडणं, बिस्कीट हुंगणं, ते मोठे काळे डोळे, हे सगळं तेच असणार. तू घाबरशील म्हणून मी डोळ्यांचं लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस.

गोळी पूर्ण कर. आत्ता, हे वाचता वाचता. त्याला अजून थोडंफार दिसत असेल तर ते वाचेल. देवा, दिसत असू दे.

धाकटा


३० ऑक्टोबर

धाकट्या,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं पोहोचलं तेव्हा त्याला दिसेनासं होऊन दोन दिवस झाले होते.

मी डॉक्टरांना सांगितलं. मोठ्याने सांगितलं असणार, कारण बाकावरची सगळी माणसं वळली. म्हटलं, मला ऐकू येत नाही, मास्क काढा. त्यांनी लगेच काढला. साधा, तरुण चेहरा आहे. म्हणाले, आजी, पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत? मग त्यांच्या तीन बोटांच्या पट्ट्याने मोजलं. २१२.

दोन्ही डोळ्यांतले पडदे सुटलेत. नवीन औषधं दिली आहेत, आता आकडा हळूहळू उतरतोय. नजर परत येईल का विचारलं तर म्हणाले, उजेड-अंधार कदाचित कळेल, त्याहून जास्त आशा धरू नका. मूत्रपिंडाचं विचारलं. म्हणाले, आधी आकडा उतरू दे.

मी त्याला सुख व्हावं म्हणून तो पट्टा शिवला. हे मला गिळता येत नाही. आणि तुझा राग येतो, तोही गिळता येत नाही. मी काय लहान पोर आहे? डोळ्यांचं लिहायचं होतंस रे. घाबरले असते, रडले असते, पण त्याच्या डोळ्यांकडे बघितलं तर असतं.

तो आता दिवसभर आतल्या खोलीत निजून असतो. घरात फिरायला भितो. परवा कुणी येऊन दार वाजवून गेलं असावं, दारात चिठ्ठी अडकवलेली मिळाली. हवालदार जागचा उठला नव्हता. मी घरात असताना दाराशी माणूस येऊन गेला आणि मला पत्ता नाही. त्या दिवसापासून मी शेगडी पेटवली की तिच्यासमोरून हलत नाही. झोपताना दाराला खुर्ची लावते. भीती वाटते, धाकट्या. माझ्याच घरात मला भीती वाटते.

आज उरलेल्या जाड कापडाची एक लांब पट्टी शिवायला घेतली आहे. दारापासून त्याच्या जागेपर्यंत, आणि त्याच्या जागेपासून माझ्या मशीनपर्यंत जमिनीवर चिकटवणार. पायाखाली खरखरीत लागलं तर त्याला वाट कळेल. येडेपणा वाटत असेल तर वाटू दे.

ताई


३ नोव्हेंबर

ताई,

रजा मिळाली. पुढच्या आठवड्यात येतोय. माझ्या शेजारची खोली साफ करून घेतली आहे, तुझं मशीन खिडकीशी मावेल. हवालदारालाही घेऊन येऊ. आता याच्यावर वाद घालू नकोस.

धाकटा


२० नोव्हेंबर

ताई,

सुखरूप पोहोचलो. एकटाच, ते तुला माहीत आहे.

समोर असताना तू माझ्या ओठांकडे बघत असतेस, आणि तू बघत असलीस की असलं काही माझ्या ओठांवर येत नाही. म्हणून लिहितो.

त्या दिवशी तुझ्या दाराशी उभा राहून मी थाप मारली. कुणी आलं नाही. पुन्हा मारली. आत हालचाल नाही. मी वेड्यासारखा दार बडवत राहिलो, जणू जोरात बडवलं की तुला ऐकू येणार होतं. तेवढ्या वेळात मी मनात तुला पडलेली पाहिलं, शेगडी पेटलेली पाहिली, हवालदार तुझ्याशेजारी आडवा पाहिला. आणि हे सगळं माझ्या एका ओळीने झालं, ‘अर्धी दे’ या ओळीने. खांद्याने दार फोडायच्या बेतात होतो. तेवढ्यात ते उघडलं. तू साळसूदपणे म्हणालीस, “अरे, केव्हा आलास?” तुझ्या पायाशी तो उभा होता.

तुझं सामान बांधायलाच आलो होतो मी. तो दारात आलेला पाहून बांधलं नाही. पण परत आल्यापासून झोप नाही. त्याचं मूत्रपिंड किती दिवस साथ देईल ते मला माहीत आहे आणि आता तुझ्यापासून लपवणार नाही. काही महिने, फार तर वर्ष. मी तुला तिथे ठेवून आलो हे बरोबर केलं का? खरं सांग. त्या दिवशी दार उघडायला इतका वेळ का लागला?

धाकटा


२६ नोव्हेंबर

धाकट्या,

आकडा १५६, तीन बोटांच्या पट्ट्याने, डॉक्टरांच्या समोर. पट्टा काचतो, तो कुरकुरतो, मी त्याचं ऐकत नाही. महिन्यांचं जे लिहिलंस ते वाचलं. लिहिलंस हे बरं केलंस.

आता दाराचं. मी पडले नव्हते आणि झोपलेही नव्हते. तू कोपऱ्यावर गाडीतून उतरलास ते मला खिडकीतून दिसलं होतं. खांदा पाडून चालतोस, लांबूनही ओळखू येतोस. दाराच्या धुरकट काचेतून तुझ्या हाताची सावलीही दिसली, वर गेलेली. तू थाप मारतोयस हे मला माहीत होतं. मी मशीनवर बसून राहिले.

तू मला न्यायला आला होतास. मीही मनात ठरवलं होतं की हवालदार आला नाही तर मुकाट्याने जाईन, वाद घालणार नाही. पण तो येतो की नाही ते मला बघायचं होतं. पट्टी चिकटवल्यापासून तो दाराची थाप ऐकून माझ्यापर्यंत आला, असं एकदाही झालं नव्हतं. त्याला बसायला जमतं का, उठायला जमतं का, हे कळलं होतं. वाट सापडते का हे कळलं नव्हतं.

तो आत निजला होता. त्याने डोकं उचललं. कान उभे केले. बराच वेळ तसाच राहिला, आणि मला दिसत होतं की तू दार बडवतोयस, काच हलत होती. मग तो उठला. कापडाच्या पट्टीवर एक पाय ठेवला, चाचपला, मग दुसरा. अर्ध्या वाटेवर खुर्ची होती, तुझ्यासाठी मीच पुढे ओढून ठेवलेली. तिच्यावर त्याचं डोकं आपटलं. त्याच क्षणी उठून त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. मी मशीनची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. तो मागे फिरला. मला वाटलं, झालं, संपलं, आता सामान बांधायचं.

मग त्याने नाक जमिनीला टेकवलं, खुर्चीच्या पायांना वळसा घातला, पट्टीची कड पुन्हा शोधली. आणि माझ्या गुडघ्याला त्याचं ओलं नाक लागलं.

तेव्हा मी उठले आणि दार उघडलं.

आशीर्वाद.

ताई